तीन एच

रूपछाया स्टुडिओ, दौलतगंज, लष्कर.
पुढे दुबेजींचा कॅमेरा, रंगवलेला महाल, कमळांचं तळं.
मागे जिन्याखाली मी:
तिरकी काच, खाली आरसा, आरशात गल्लीतला उजेड
आणि तासून सुईसारखी केलेली
तीन एचची पेन्सिल.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं.
सावळी मुलगी तिथे नितळ,
उजेड आरपार जावा इतकी.
गोरी असते ती कोळसा.
म्हणजे कुणाला गोरं करायचं
तर तिच्या तोंडाला काळं फासायचं,
स्वल्पविरामाएवढ्या रेघांनी,
श्वास रोखून.
बायकोला हे दोनदा समजावलं.
म्हणाली, जळलं मेलं तुमचं काम.

"मास्टर, जरा साफ कर देना," दुबेजी म्हणायचे.
साफ.
जशी काही पोरगी वखारीतून उठून आली आहे.
पाकिटावर नाव, खाली बापाच्या अक्षरात:
तीळ काढणे. वर्ण थोडा उजळ. दात झाकता आल्यास पाहणे.
कधी नुसतं: सावळी, पण नाकीडोळी नीटस.
त्या 'पण'वर माझं घर चाललं चोवीस वर्षं.
दोन मुलींची लग्नं निघाली त्यातून.
(त्यांचेही फोटो मीच केले. विचारू नका.)

हेमलता इंगळे, कंपू. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष.
कपाळावर देवीचे सात व्रण,
जबड्यापाशी मसुराएवढा तीळ.
तीन दिवस लागले मला.
मे महिना, बाहेर लू,
घामाचा थेंब तिच्यावर पडू नये
म्हणून मनगटाला रुमाल बांधून
मी तिचे खड्डे बुजवत होतो
गवंड्यासारखा.

फोटो देवासला गेला. पसंत पडला.
मंडळी आली, सरबत प्यायली,
आणि मुलाची आत्या म्हणाली,
ही धाकटी वाटतं? फोटोतलीला बोलवा ना.

आठवड्याने ती आली. सायकलवर, एकटीच.
मला वाटलं, भांडणार.
तुम्ही लावलंय ते निघतं का?
निघतं, म्हटलं.
मग काढा. मला माझा हवाय.

टर्पेंटाइन. कापूस.
तिच्यासमोरच पुसलं.
तीन दिवसांचं काम, चहा निवायच्या आत.
उजेडाला धरलं तर आधी तीळ लागला,
मग कपाळावर एकेक व्रण,
दिवेलागणीला किल्ल्यावर लागत जातात तसे.
सात. तिने मोजले.
हातातला कापूस काळाकुट्ट.
तिचा गोरेपणा तो. एवढासाच होता.

ती हसली वगैरे नाही. किती झाले, म्हणाली.
साडेतीन रुपये.
घ्यायला नको होते. महिनाअखेर होती.

पुढे तिचं काय झालं, ठाऊक नाही.
कुणी म्हणालं भोपाळला शिकवते,
कुणी म्हणालं, ती ही नव्हे.
मीही पेन्सिल मोडून टाकली असं काही नाही.
दुसऱ्या दिवशी खासगीवाल्यांच्या सुनेची हनुवटी होती,
ब्लेडने खरवडून एकाची करायची.
केली. छान झाली.

परवा बँकेसाठी फोटो काढला, चौकातल्या पोराकडे.
बोट फिरवलं त्याने दोनदा,
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना दिसायच्या आत,
आणि ब्याऐंशी वर्षं गेली.
"साफ कर दिया, दादाजी."
सुरकुत्यांचं मला काही नाही.
पण उजव्या डोळ्याखाली एक खाच आहे,
भिंग टेकवून टेकवून पडलेली.
ती कुठे गेली?

निघतं का हे, विचारलं.
"वो वाला तो डिलीट हो गया."

पैसे दिले.
घरी येईपर्यंत रिक्षात
बोटाने चाचपत होतो.
आहे.